वळचणीखालची फेरी

लग्न होऊन मी डोंबिवलीला आले, त्याच्या पाचव्या की सहाव्या दिवशी सासऱ्यांनी माझ्या हातात वेळूची एक लांब काठी दिली. काठीच्या एका टोकाला जुन्या केरसुणीचा कुंचा बांधलेला, दुसऱ्या टोकाला चिंधीचा बोळा. मला वाटलं, जळमटं काढायला सांगताहेत. मनात म्हटलं, झालं, हातावरची मेंदी उतरायच्या आत केरवारा सुरू! चेहऱ्यावर काही दाखवलं नाही असं लिहायला मला आवडलं असतं, पण राग मला तेव्हाही लपवता येत नसे आणि आताही येत नाही. मामंजी हसले.

"जळमटं नव्हेत, सूनबाई. गांधीलमाश्या. चैत्र लागलाय. चल, फेरी मारू."

सासूबाई माझ्या लग्नाच्या चार वर्षं आधीच गेल्या होत्या. घरात आम्ही तिघंच. हे सकाळी मुंबईला कचेरीत जायचे ते दिवेलागणीला परत यायचे. त्यामुळे सासरचं जे काही वळण मला लागलं ते मामंजींनी लावलं, आणि स्वयंपाकातलं त्यांना ओ की ठो कळत नसल्यामुळे ते गांधीलमाश्यांपासून सुरू झालं.

पन्नास सालानंतरची ती पहिली दोन-चार वर्षं. घर बैठं होतं, मंगलोरी कौलांचं, स्टेशनपासून पंधरा मिनिटांच्या पायवाटेवर. चारी बाजूंनी वळचण पुढे झुकलेली, तिच्याखाली वासे उघडे. मागे विहीर, न्हाणीघर, एक रायवळ आंबा, आणि त्यापलीकडे थेट ठाकुर्लीपर्यंत भातखाचरं. डोंबिवली तेव्हा इतकी निवांत होती की दुपारी ठाकुर्लीच्या वीजघराचा भोंगा झाला तरी कुणी दचकत नसे, फक्त कुशीवर वळत असे. खाडीकडून वारा यायचा, त्याला मिठागराचा वास असायचा. आज डोळे मिटले की मला ते घर आधी दिसत नाही, आधी तो वास येतो आणि मग हळूहळू एकेक वासा दिसायला लागतो. मला ते वासे पाठ आहेत. एकशेबारा.

मामंजी रेल्वेत तारमास्तर होते, निवृत्त झालेले. आयुष्यभर तारयंत्राचं कट्टकड कट्ट ऐकलेलं, त्यामुळे बोलताना त्यांची बोटं खाटेच्या कडेवर काहीतरी वाजवत असायची. गांधीलमाशीबद्दल ते बोलायचे तेही कुणा ओळखीच्या बाईबद्दल बोलावं तसं.

"ती चैत्रात एकटी येते," त्या पहिल्या सकाळी त्यांनी मला सांगितलं. "एकटीच जागा बघते, एकटीच देठ चिकटवते, आणि त्या देठाला उलटी टांगून तीन-चार घरं करते, सुपारीएवढी. तेव्हा ती चावत नाही, कारण राखायला काही नसतं. त्या दोन-तीन दिवसांत आपण कुंचा फिरवला की ती निमूट दुसरीकडे जाते. मग देठाच्या जागी चुना. चुना नसला तर पुन्हा तिथेच येते, बायकांना एकदा जागा आवडली की आवडली."

"आणि उशीर झाला तर?" मी विचारलं.

"उशीर झाला, घरात अंडं दिसलं, की ते घर तिचं. मग कुंचा लावायचा नाही. पावसाळाभर आपण वळसा घालून जायचं."

हा त्यांचा कायदा होता. तरुणपणी एकदा त्यांनी ताटलीएवढं भरलेलं पोळं रॉकेलच्या पलित्याने जाळलं होतं. बाहेर गेलेल्या माश्या संध्याकाळी परत आल्या आणि त्या काळ्या डागाभोवती आठ दिवस घिरट्या घालत राहिल्या. "भांडण टाळायचं तर लवकर जावं," ते म्हणायचे, "उशिरा गेलं की पाप लागतं."

म्हणून रोज उजाडताना फेरी. ते पुढे काठी घेऊन, मी मागे चुन्याची वाटी घेऊन. पूर्वेच्या पडवीपासून सुरुवात, न्हाणीघराला वळसा, मग पश्चिमेकडून त्यांच्या खिडकीखालून परत. वाशांच्या टोकांतली भोकं शेणामातीने बुजवायची, आंब्याच्या साली आणि फणसाची काटेरी चारखंडं लांब खड्ड्यात पुरायची, चौकटींना करंजाचं तेल लावायचं. एवढं केलं की गांधीलमाशी दाराशी येत नाही. कुंभारीण मात्र माफ होती. ती मातीची घरं करणारी माशी कुणाला चावत नाही, आणि तिने घर केलं की पाळणा हलतो म्हणतात. त्यामुळे मामंजी तिच्या घराकडे बघून न बघितल्यासारखं करायचे आणि मी लाजायची.

माझे वडील कल्याणला होते, चांगले होते, पण माझ्याशी कामापुरतं बोलायचे. "पाणी आण", "दिवा लाव", एवढंच. मोठ्या माणसाने आपल्याशी नुसतं बोलण्यासाठी बोलावं, हे मला डोंबिवलीला येईपर्यंत माहीत नव्हतं. मामंजी बोलायचे. तारेने आलेल्या बातम्या, सासूबाईंची भांडणं, कोणत्या लाकडाला कसला आवाज येतो, काहीही. मी त्यांच्या मागे चुन्याची वाटी घेऊन चालायची आणि मला वाटायचं, ही फेरी संपूच नये. सरळच सांगते, मला नवऱ्याआधी सासऱ्यांचा लळा लागला.

दुसऱ्या वर्षी त्यांच्या पायाला बादली लागायला लागली.

गंमत अशी की वाशातली माशी त्यांना दिसायची आणि पायाशी ठेवलेली बादली दिसायची नाही. तुळशीवृंदावनाला खांदा घासायचा, उंबऱ्याला ठेच लागायची. सगळे म्हणाले, मोतीबिंदू. तेव्हा मोतीबिंदू म्हणजे आंब्यासारखी गोष्ट होती, पिकू द्यायचा आणि मग काढायचा. ह्यांनी त्यांना मुंबईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. हे बाहेर बाकावर बसले, मामंजी एकटेच आत गेले, आणि बाहेर येऊन म्हणाले, "पिकला नाही अजून. थांबा म्हणतात." आम्ही थांबलो. तो काचबिंदू होता, तो पिकत नाही आणि गेलेली नजर परत येत नाही, हे त्या दिवशी डॉक्टरांनी त्यांना स्वच्छ सांगितलं होतं. मला ते कळलं फार उशिरा. अडाणीपणा आमचा, आणि गप्प बसणं त्यांचं.

गप्प का बसले, ते मात्र मला तेव्हाही कळण्यासारखं होतं. माझे थोरले दीर ठाण्याला राहायचे, तळ्याजवळ एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावर. भाऊजी सज्जन आणि हट्टी. वडिलांवर जीव. त्यांनी केव्हाच सांगून ठेवलं होतं की अप्पांचे डोळे गेले तर ते ठाण्याला येतील, विहिरीच्या काठावर आंधळ्या माणसाला ठेवायचं नाही. ते काही चूक नव्हतं. पण त्या दुसऱ्या मजल्यावर वळचण नव्हती, अंगण नव्हतं. एक खाट होती आणि खाटेसमोर भिंत. मामंजी एकदा मला म्हणाले होते, "तिथे मला काय ऐकू येणार, सूनबाई? शेजारच्यांचा स्टोव्ह."

तिसऱ्या वर्षीच्या चैत्रात एका सकाळी ते पडवीच्या कोपऱ्यात थांबले आणि काठी वर करून म्हणाले, "ही बघ. सुरुवात झाली."

मी वर बघितलं. वाशात एक काळा खिळा होता. जुना, वाकडा, कधीतरी कंदील टांगायला मारलेला.

माझ्या तोंडावर आलं होतं, अहो मामंजी, खिळा आहे तो. मी तशी पटकन बोलणारी बाई. पण त्यांनी काठी धरली होती ती अगदी सरळ, आणि चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मी तोडू शकले नाही. "हो," म्हटलं, "आहे." त्यांनी खिळ्यावरून कुंचा फिरवला, काठी उलटी करून मी बोळा चुन्यात बुडवला, आणि खिळ्याभोवती पांढरा ठिपका उमटला. त्या चैत्रात असे नऊ ठिपके झाले. खऱ्या माश्या मी दुपारी गुपचूप एकटीने काढायची.

घरात मी कुणाला काही बोलले नाही. ह्यांना सांगितलं असतं तर ह्यांनी भावाला सांगितलं असतं. ह्यांच्या तोंडात तीळ भिजत नसे. पण दिवसभर मनात तेच घोळायचं. मामंजी जाणार, आज नाही तर उद्या, आणि मी त्या एकशेबारा वाशांखाली एकटी उरणार.

ओळखलं ते एका कोळणीने. ती खाडीवरून टोपली घेऊन स्टेशनाकडे जाताना आमच्या विहिरीवर पाणी प्यायला थांबायची. आमच्याकडे मासळी चालत नसल्यामुळे आमचा व्यवहार काही नव्हता, नुसती मैत्री. एक दिवस ती वळचणीकडे बघत उभी राहिली आणि फिसकन हसली.

"काय गो सूनबाय, म्हातारा खिल्यांना चुना लावतंय?"

मला असा राग आला की मी तिच्या हातातला तांब्या काढून घेतला. मग मलाच रडू फुटलं. तिने टोपली खाली ठेवली आणि माझ्याजवळ जोत्यावर बसली.

"रडतंस कनाला? माजा बापूस पन डोल्यांनी गेलेला," ती म्हणाली. "जालं शिवल्याबिगर त्याला अन्न गोड लागत नसे. मंग आमी काय करायचो, आदल्या दिशी जालं आमीच फाडायचो नि सकाली त्याच्या मांडीवर द्यायचो. बोटांनी चाचपून शिवायचा. मरंपरेंत शिवलान."

ती उठून गेली. मी बराच वेळ तिथेच बसून राहिले. चांगलं जाळं फाडायचं आणि शिवायला द्यायचं. माझ्या शहाणपणात हे कधीच बसलं नसतं.

दुसऱ्या दिवसापासून मी पहाटे एकटी फेरी मारायला लागले. दोन-तीन ठिकाणी सुरुवात दिसली तर बाकीची काढायची आणि एक मामंजींसाठी ठेवायची. मग ते फेरीला निघाले की मी आधी जाऊन त्या वाशाखाली उभी राहायची आणि हात वर करून बांगड्या वाजवायची, केस सारखे केल्यासारखं. ते माझ्याजवळ येऊन थांबायचे, मान वर करायचे, आणि म्हणायचे, "ही बघ, इथे." मी म्हणायची, "अगंबाई, माझ्या डोक्यावरच की!" मग कुंचा, मग चुना. खरी माशी, खरं सुपारीएवढं घर, खरा चुना. काठी थोडी इकडेतिकडे व्हायची, तेव्हा मी त्यांच्या कोपराला हलकेच हात लावायची.

मामंजींच्या मते ती तेव्हा चावत नाही, पण एकदा एक चिडली आणि माझ्या भुवईला चावली. डोळा सुजून बंद झाला. हे संध्याकाळी घरी आले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही दोघं माश्या घालवता की पाळता?" मी कांदा चोळत होते. उत्तर ह्यांनीच देऊन टाकलं होतं.

ते दोन उन्हाळे मला आठवतात ते असे जाग आणि झोपेच्या मधले. उजाडताना करंजाच्या तेलाचा कडवट वास, न्हाणीघराचा तिरपा धूर, ओल्या चुन्याचा गारवा बोटांना. पुढे पांढरं धोतर हळूहळू चाललंय, मागे माझे हात वर. सगळं घर जणू दोघांनी मिळून पाण्याखाली चालवलंय. कुणी काही बोलत नाही आणि कुणाला काही लपवायचंही नाही, असं वाटायचं. लपवण्याशिवाय आम्ही दुसरं काही करत नव्हतो, तरीही.

मग कल्याणला नात्यातली एक मुंज झाली. बटूसाठी नेलेली जरीची टोपी मामंजींनी त्याच्या धाकट्या भावाच्या डोक्यावर ठेवली आणि त्यालाच आशीर्वाद दिला. सगळा मांडव हसला. थोरले भाऊजी हसले नाहीत. जेवणं झाल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं.

"रविवारी येतो," म्हणाले. "अप्पांना दिसत नसेल तर त्याच दिवशी घेऊन जाईन. त्यांची ट्रंक काढून ठेव."

मी ट्रंक काढली नाही. त्याऐवजी आठवडाभर वळचण पालथी घातली. वैशाख निम्मा झालेला, नव्या माश्या येणं जवळजवळ संपलेलं. शेवटी शनिवारी न्हाणीघराच्या कोपऱ्यात एक दिसली, नुकताच देठ चिकटवणारी. मला तिची ओवाळणी करावीशी वाटली. आत्ताच अंडं घालू नकोस गं बाई, उद्यापर्यंत थांब, असं मी तिला खरोखर तोंडाने म्हटलं.

रविवारी भाऊजी आंब्यांची करंडी घेऊन आले. मामंजी धुतलेली बंडी घालून पडवीत बसले होते. बाप-लेक थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलले. मग भाऊजींनी विचारलं, "अप्पा, डोळे कसे आहेत?"

"डोळ्यांना काय धाड भरलीय?" मामंजी उठले. "चल फेरीला. चैत्रापासून एकही पोळं होऊ दिलेलं नाही मी. बघ तरी."

मी कळशी उचलली आणि न्हाणीघराकडे निघाले.

"तू थांब गं," भाऊजी म्हणाले. "तू आत जा, रस काढ. आम्ही दोघंच जातो."

आता काय करायचं? मी आत गेले. पाटावर बसले, आंबे पिळायला लागले. मनगटापर्यंत रस, आणि कान खिडकीकडे. काठीचा टक टक आवाज पडवीवरून उतरला. पूर्वेची भिंत. मग विहिरीकडचं वळण. आता न्हाणीघर. थांबा, मामंजी, थांबा, इथेच थांबा. बांगड्या माझ्या हातात होत्या आणि आवाज जायला मध्ये दोन भिंती. काठी थांबली नाही. टक टक करत ती न्हाणीघराच्या पुढे गेली. संपलं, मी मनात म्हटलं. कोय हातातून निसटून पाटाखाली गेली ती मी उचललीसुद्धा नाही.

पश्चिमेला, त्यांच्या खोलीच्या खिडकीशी, काठी थांबली. तिथून आवाज मला स्पष्ट येत होता.

"ही बघ," मामंजी म्हणाले. "इथे आहे."

भाऊजींच्या वहाणा दोन पावलं पुढे करकरल्या. मग भाऊजी खाकरले.

"हो, अप्पा," ते म्हणाले. "आहे."

"अंडी आहेत का बघ. तू उंच आहेस."

"आहेत. पांढरी. चार-पाच असतील."

"मग राहू दे. आपल्याला उशीर झाला."

"राहू दे, अप्पा."

दोघं आत आले, हातपाय धुतले, पानावर बसले. भाऊजींनी दोनदा रस मागून घेतला. ट्रंकेचं नाव नाही. निघताना फाटकाशी ते मला एवढंच म्हणाले, "दुपारी त्यांना विहिरीकडे एकटं जाऊ देऊ नकोस." चष्मा पुसत पुसत ते स्टेशनाच्या वाटेला लागले.

मी धावत पश्चिमेला गेले. मला वाटलं, माझ्या नजरेतून एक पोळं सुटलं आणि देवाने ते मामंजींना दाखवलं. वर बघितलं. खिळा होता. त्या नऊ खिळ्यांतला एक, भोवती गेल्या वर्षीच्या चुन्याचा ठिपका. भाऊजींचा हात सहज पोचेल इतक्या खाली. मी भिंतीला टेकले आणि आंब्याने माखलेले हात पदराला पुसत तिथेच रडले. भाऊजींना मी वर्षभर मनात काय काय म्हटलं होतं!

पण खरी पंचाईत त्यानंतर सुरू झाली. मामंजींच्या खिडकीवर आता अंड्यांचं पोळं होतं, म्हणजे कायद्याने ते राखणं आलं. रोज सकाळी ते खाली उभे राहून मला विचारायचे, "वाढलं का गं?"

काय सांगणार? मी वाढवायला लागले. "आज दहा-बारा घरं दिसतात." "एका घराला पांढरं झाकण आलंय." "काल दुसरी माशी दिसली, लहान आहे, आईला मदत करत असेल." ते मान हलवायचे. पावसाचे दिवस आले तेव्हा म्हणाले, पश्चिमेची झड लागेल, वर काहीतरी बांध. मी शिडी लावून त्या खिळ्यावर माडाच्या झावळ्यांचा झाप बांधला. हे छत्री घेऊन खाली उभे. "खिळ्याला कसला झाप?" ह्यांनी विचारलं. मी म्हटलं, "शिडी धरा आणि गप्प बसा." ह्यांनी शिडी धरली.

श्रावणात पोळं वाटीएवढं झालं, भाद्रपदात बशीएवढं. दुपारी कामं आटपून मी त्या खिडकीशी तांदूळ निवडत बसायची. मामंजी आत खाटेवर पडलेले, बोटं कडेवर वाजवत. बाहेर खाचरांवर ऊन आणि पाऊस एकमेकांत मिसळलेले. डोळा लागता लागता मला ते खरोखर दिसायचं, झापाखाली झुलणारं राखाडी पोळं, त्याच्यावर पिवळ्या-तांबड्या माश्या पंख मिटून बसलेल्या. एकदा तर मी अंग चोरून त्या खिळ्याखालून गेले. स्वतःचीच थाप माणसाला चावायला येते ती अशी.

कार्तिकात थंडी पडली. एका संध्याकाळी मी त्यांना काढा द्यायला गेले. त्यांची नजर तोवर पुरती गेली होती. पण त्याबद्दल घरात अवाक्षर नाही.

"आता पोळं रिकामं झालं असेल," ते म्हणाले.

"हो, मामंजी. उडून गेल्या सगळ्या."

"बरं झालं. सुखरूप गेल्या." थोडा वेळ त्यांची बोटं वाजत राहिली. "थोरल्याची एक खोड आहे, तुला माहीत नसेल. खोटं बोलायच्या आधी तो खाकरतो. लहानपणापासून. तुझ्या सासूबाई त्यावरूनच त्याला पकडायच्या, मग लाडवाचा डबा असो की शाळा बुडवणं असो."

मी काढ्याचा पेला खाली ठेवला.

"म्हणजे तुम्हाला त्याच दिवशी..."

"त्याच क्षणी कळलं की तिथे पोळं नाही," ते म्हणाले. "आणि हेही कळलं की तो मला नेणार नाही."

"मग सहा महिने मला रोज विचारत होतात ते?"

"तू इतकं छान सांगत होतीस, सूनबाई. झाकणं, मुली, आईला मदत. मला सगळं दिसत होतं."

राग आला होता, हसू आलं होतं, आणि रडू तर काय, नेहमीचंच. त्यांनी चाचपत माझं मनगट धरलं आणि एका बोटाने माझ्या बांगडीवर टिचकी मारली. किण्ण झालं.

"तार रोज पोचत होती," ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासून."

त्यानंतर ते आमच्याकडे आणखी तीन वर्षं होते, आणि गेले ते त्याच खोलीत, त्याच खिडकीखाली. तेराव्याला माणसं पांगल्यावर थोरले भाऊजी मला कुठे दिसेनात. शोधत पश्चिमेला गेले तर ते झापाखाली मान वर करून उभे होते.

"आहे का गं अजून?" माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं.

मी खाकरले आणि म्हटलं, "आहे, भाऊजी. अंडी आहेत. राहू दे."